पत्त्यांचा बंगला, तोही सिरिंजमध्ये

ही पांढरी पावडर दिसतेय ना, टाल्कम पावडरसारखी, ही माती आहे. खाणीतली नाही, कारखान्यात बनवलेली, लॅपोनाइट म्हणतात हिला. आता पाण्यात टाकून ढवळूया. आधी गढूळ, मग हळूहळू पाणी एकदम नितळ होतं, आणि थोड्या वेळाने भांडं तिरकं केलं तर पाणी हलतच नाही, जेली झालेली असते!

झालं काय, तर मातीचा कण म्हणजे पत्त्यांचा कॅट. पाण्यात गेला की पत्ते सुटे होतात, एकेक चकती साधारण 25 नॅनोमीटर रुंद आणि जाडी जेमतेम 1. सपाट बाजूंवर ऋण चार्ज, कडेला धन, म्हणून एकीची कड दुसरीच्या पाठीला चिकटते आणि पत्त्यांचा बंगला उभा राहतो.

पण नुसता बंगला काय कामाचा, जरा धक्का लागला की खेळ खल्लास. म्हणून त्यात पॉलिमर घालायचं, त्याच्या लांबच लांब साखळ्या चकत्यांना धरून बसतात. 2002 मध्ये जपानच्या हारागुची आणि ताकेहिसा यांनी असंच एक जेल केलं, नेहमीचं जेल ताणलं की तुकडे, हे मूळ लांबीच्या दहापट ताणलं तरी तुटेना.

आता ही सिरिंज बघा, आत लॅपोनाइट आणि जिलेटिन. दट्ट्या दाबला की बंगला कोसळतो, जेल सुईतून सरसर बाहेर, आणि दाब गेला रे गेला की परत उभा, जागच्या जागी घट्ट. म्हणजे जखम कितीही वेडीवाकडी असू दे, कानाकोपऱ्यात जाऊन बसणार, शिवाय चार्जवाल्या चकत्यांमुळे रक्त गोठायलाही मदत होते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत अशा जेलने रक्तस्राव थांबवून दाखवलाय.

मला यात खरा इंटरेस्टिंग प्रश्न वाटतो तो पुढचा, काम झाल्यावर ही माती जाते कुठे? आम्लात लॅपोनाइट विरघळतं, सोडियम, मॅग्नेशियम, सिलिका आणि थोडं लिथियम सुटतं. पेशी चकत्या गिळतात तेव्हा त्या आतल्या आम्लाच्या पिशवीत जातात, तिथे हेच होऊ शकतं. खाणीतल्या मातीत क्वार्ट्झ, लोखंड, कधी जड धातूसुद्धा असतात, तिला आधी धुऊन गाळून घ्यावं लागतं, इथे ती कटकट कमी. पण लिथियम म्हटल्यावर डोस मोजावाच लागतो, म्हणून पेशींच्या या प्लेट्स बघा, डावीकडून उजवीकडे मातीचं प्रमाण वाढवत नेलंय.