संशय, ताबा आणि चोवीस तास

(दृश्य : नागपूर, इतवारी, सराफा ओळ. दुपारची वेळ.)

इतवारीच्या सराफ्यात रस्त्यावरून दिसतात त्या काचा आणि पाट्या. दागिना घडतो तो वरच्या माळ्यावर. चिंचोळा जिना, दहा फुटांची खोली, बुटके पाट. कारागीर टाकणखार लावतो, फुंकणीने ज्योत वळवतो आणि केसाएवढ्या तारेला टाका देतो. या खोल्यांमधले कित्येक हात पश्चिम बंगालमधल्या हुगळी-मेदिनीपूरकडचे आहेत.

परदेशी नागरिकांच्या शोधमोहिमेचा आदेश निघाला की बंगाली बोलणाऱ्यांच्या अशा खोल्या, बांधकामावरच्या पत्र्याच्या झोपड्या आणि भंगाराची गोदामं आधी नजरेत येतात. कारण सरळ आहे, भाषा लांबूनही ऐकू येते. पण भाषेवरून देश ठरत नाही. मालदा-मुर्शिदाबादची बोली सीमेपलीकडच्या, बांगलादेशातल्या राजशाहीच्या बोलीला इतकी जवळ आहे की नागपूरच्या हवालदाराला त्यातला फरक कळावा अशी अपेक्षा धरणंच चूक. शिवाय बंगाली बोलणारा प्रत्येक जण पश्चिम बंगालचा असतो असंही नाही. गडचिरोलीच्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची गावं सरकारनेच वसवली. त्यांची नातवंडं घरी बंगाली, शाळेत मराठी बोलतात आणि कामाला नागपुरात येतात.

मग पोलिसांनी बघायचंच नाही का? बघायचं. बनावट आधार करून देणाऱ्या टोळ्या पकडल्या जातात, बेकायदा प्रवेश हा गुन्हा आहे आणि तो तपासणं पोलिसांचंच काम आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ लागू आहे. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे त्याने रद्द केले. वैध कागदांशिवाय देशात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्हिसाची मुदत संपूनही राहिल्यास तीन वर्षं, तीन लाख. हेड कॉन्स्टेबल म्हणजे आपला हवालदार आणि त्यावरचा कोणताही पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतो.

मात्र अटक करता येते म्हणून ती केलीच पाहिजे असं नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे, हे पोलिसांना कारणांसह लिहावं लागतं. तशी गरज नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस द्यायची आणि बोलावून घ्यायचं. परदेशी नागरिकांच्या नव्या कायद्यातली पाच वर्षांची शिक्षा याच मर्यादेत बसते. मोहिमेच्या धावपळीत नेमकी ही नोटीस विसरली जाते.

(दृश्य : पोलीस ठाण्याचं आवार. बाकावर बसलेली माणसं, फक्त हात आणि पिशव्या दिसतात.)

"चौकशीसाठी आणलंय, अटक नाही." सगळा घोळ या एका वाक्यात आहे. अटक दाखवली नाही की अटक पंचनामा नाही, नातेवाईकाला कळवणं नाही, वैद्यकीय तपासणी नाही आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नेण्याची घाईही नाही. माणूस मात्र बाकावरून उठू शकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० सालीच सांगितलंय की अटक सुरू होते ती स्वातंत्र्य हिरावल्याच्या क्षणापासून, कागदावर अटक लिहिल्यापासून नव्हे. म्हणजे पहाटे पाचला खोलीतून नेलं आणि अटक रात्री नऊला दाखवली, तरी चोवीस तास मोजायचे पहाटे पाचपासून. प्रवासाला लागलेला वेळ तेवढा वगळायचा.

म्हणून घरच्यांनी किंवा ठेकेदाराने लगेच लिहून ठेवायचं ते असं : किती वाजता नेलं, कोणत्या ठाण्याचे कर्मचारी होते, छातीवरच्या पट्टीवर नाव काय होतं, गाडीचा नंबर. ठाण्यात गेल्यावर स्टेशन डायरीतल्या नोंदीचा क्रमांक मागायचा. क्रमांक मिळाला नाही तर मागितल्याचा अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. पोच नाकारली तर तोच मजकूर आयुक्तालयाच्या ईमेलवर पाठवायचा, म्हणजे वेळेची नोंद आपोआप होते.

साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर महिलांना, साठीपुढच्यांना आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं असतं. अटकच करायची असेल तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक नाही. अपवाद फक्त असाधारण परिस्थितीचा, आणि तेव्हाही महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यायची. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट पक्की केली. अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची, उशिरात उशिरा म्हणजे रिमांडसाठी उभं करण्याच्या दोन तास आधी. बंगाली कारागिराच्या हाती नुसता मराठी कागद ठेवून हे भागत नाही.

हे हक्क परदेशी माणसालाही आहेत. राज्यघटनेचं कलम १९ नागरिकांपुरतं आहे, पण १४, २१ आणि २२ मध्ये शब्द ‘व्यक्ती’ असा आहे.

(दृश्य : टेबलावर पसरलेले कागद, जवळून.)

आता कागदांचं. आधारवर नागरिकत्व ठरत नाही, हे खुद्द आधार कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे. आधार मिळतं ते रहिवाशाला : मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्याला. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्याच्या एका प्रकरणात आधार, पॅन आणि मतदार ओळखपत्र असल्याने कोणी भारताचा नागरिक ठरत नाही असं म्हटलं. पण आधार पुरेसं नाही म्हणजे आधारवाला परदेशी, ही उडी कायद्यात कुठेच नाही.

जन्माने नागरिकत्वाचा हिशोब जन्मतारखेवर बसतो. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्म झाला असेल तर जन्माचा पुरावा पुरतो. तिथपासून २ डिसेंबर २००४ पर्यंतचा जन्म असेल तर आई-वडिलांपैकी एक जण नागरिक असल्याचं दाखवावं लागतं. त्यानंतरचा असेल तर दोघंही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणजे पंचेचाळिशीच्या कारागिराला स्वतःचा दाखला चालतो, त्याच्या हाताखालच्या एकोणीस वर्षांच्या पोराला मात्र आई-बापाचे कागद गावाहून आणावे लागतात. हे पोर कागदांअभावी अडकतं, आणि त्याचं नागरिकत्व खोटं आहे असा याचा अर्थ होत नाही.

नाव जुळत नाही ही दुसरी नेहमीची अडचण. शाळेच्या दाखल्यावर ‘खातून’, लग्नानंतरच्या मतदार कार्डावर ‘बीबी’, आधारवर ‘बेगम’. बाई एकच, पण तपासणाऱ्याला तीन दिसतात. अशा वेळी लग्नाचा दाखला आणि नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र एकत्र जोडायचं. जातपडताळणीसाठी ज्यांनी कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या, नकला काढल्यात त्या वैदर्भीय घरांना हा त्रास सांगायला नको.

उशिरा केलेली जन्मनोंद हल्ली संशयाने बघितली जाते. जन्माला वर्ष उलटून गेलं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. महाराष्ट्रात नायब तहसीलदारांनी दिलेले असे आदेश २०२५ मध्ये रद्द झाले. त्यामुळे दाखल्याबरोबर तो कोणाच्या आदेशाने मिळाला तेही बघा.

पुराव्याचा भार संशयितावर आहे, हे खरं. जुन्या कायद्यातही होता, नव्यातही आहे. पण जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आधी प्रशासनाकडे काही ठोस सामग्री हवी. कोणालाही उचलून ‘सिद्ध कर’ म्हणता येत नाही. मोबाइलमध्ये ८८० ने सुरू होणारा बांगलादेशचा नंबर सापडला, एवढ्याने काय सिद्ध होतं? सीमेलगतच्या जिल्ह्यांत फाळणीने घरंच वाटली गेली, मावशी पलीकडे असते. फोन जप्त केला तर पंचनाम्याची प्रत मागायची. मूळ कागद घेतले तर त्यांचीही.

(दृश्य : जरीपटका, बाजारपेठ.)

नागपूरचा एक कोपरा मात्र वेगळा. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा राज्यातल्या पाकिस्तानी नागरिकांची सर्वाधिक नोंद नागपूर शहरात असल्याच्या बातम्या आल्या. यातले पुष्कळ जण सिंधमधून आलेले हिंदू, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारे. तो व्हिसा वैध राहील, असं केंद्राने तेव्हाच सांगितलं. नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना २०१६ च्या अधिसूचनेने अशा अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचे अधिकारही मिळाले होते. एकाच शहरात एका परदेशी माणसासाठी रुळलेली वाट आहे आणि एका भारतीय माणसाला बाकावर बसून वाट बघावी लागते. कायदा वेगळा आहे हे मान्य. खुपतं ते खुपतंच.

देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार मुळात केंद्राचा, तो राज्यांकडे सोपवलेला असतो. ठाण्याने फक्त चौकशी करायची. संशयिताचा तपशील त्याने सांगितलेल्या जिल्ह्याकडे पाठवायचा आणि उत्तरासाठी ३० दिवस थांबायचं, अशी गृह मंत्रालयाची मे २०२५ ची सूचना आहे. पण जून २०२५ मध्ये महाराष्ट्रातून उचललेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट बांगलादेशात ढकललं गेलं आणि ते भारतीय निघाल्यावर परत आणावं लागलं. त्याच महिन्यात दिल्लीतून नेलेल्या बीरभूमच्या एका गरोदर बाईला परत यायला डिसेंबर उजाडला, तेही कोलकाता उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढून.

म्हणून हालचाल पहिल्याच दिवशी हवी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, हेल्पलाइन १५१००. माणूस कुठे आहे तेच कळत नसेल तर सिव्हिल लाइन्समध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात हेबिअस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टासमोर हजर करा अशी, याचिका करता येते. तिच्यात तीच वेळ, तेच ठाणं आणि तोच डायरी क्रमांक लागतो. आणि कागदांच्या झेरॉक्सचा एक पूर्ण संच गावी, घरातल्या माणसाकडे असू द्या. फोनमधले फोटो कामाला येत नाहीत, कारण फोन सगळ्यात आधी काढून घेतला जातो.