पिवळ्या पुलावरच्या कार्सनबाई

मंडळी, नमस्कार. मागून बटाटेवड्यांचा वास येतोय, तेव्हा लांबण लावत नाही.

पिट्सबर्गला बेसबॉलची मॅच बघायला जाताना आपण ते तीन पिवळे पूल बघतो. त्यांतल्या नवव्या रस्त्यावरच्या पुलाला २००६ साली रेचल कार्सन यांचं नाव दिलं. मी त्यावरून कितीतरी वर्षं ये-जा केली, पण ह्या बाई कोण, हे कधी विचारलं नाही.

बाई इथल्याच. अलेघेनी नदीच्या काठच्या स्प्रिंगडेलच्या. जन्म २७ मे १९०७ चा. घराभोवती रान आणि फळझाडं, आणि गावात जनावरांची हाडं-कातडी उकळून सरस बनवायचा कारखाना. त्या वासातच आई मुलीला पाखरं ओळखायला शिकवत होती. पुढे कॉलेजच्या फीसाठी ह्याच आईने घरातली चिनीमातीची भांडी विकली. आपल्याकडे पाटल्या मोडतात, तसंच. ते कॉलेज म्हणजे आजचं चॅटम विद्यापीठ. तिथे गेली इंग्रजी शिकायला आणि बाहेर पडली जीवशास्त्र घेऊन.

वडील गेले, मग बहीण गेली, तिच्या दोन मुली पदरात. बहीण जायच्या आधीच सरकारी मत्स्य खात्याचं काम धरलं होतं; तिथे माशांवर रेडिओची भाषणं, माहितीपत्रकं लिहिली. मला वाटतं, बाईंची लेखणी घडली ती तिथेच. १९५१ च्या समुद्रावरच्या पुस्तकाने नाव आणि पैसा दिला, तेव्हा कुठे नोकरी सुटली.

१९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्सहून एका मैत्रिणीचं पत्र आलं. डासांसाठी विमानातून डीडीटी हे कीटकनाशक फवारलं आणि हिच्या अंगणात पाखरं मरून पडली. त्यावर चार वर्षं खपून बाईंनी ‘सायलेंट स्प्रिंग’ लिहिलं. त्यातली एकच गोष्ट सांगते. कॅलिफोर्नियात क्लिअर लेक नावाचा तलाव आहे. तिथे चिलटांचा त्रास, म्हणून १९४९ मध्ये डीडीटीचं भावंड डीडीडी पाण्यात सोडलं. प्रमाण किती, तर सात कोटी भाग पाण्यात एक भाग. पुढे दोनदा पुन्हा. शेवाळ-किड्यांनी ते साठवलं, ते माशांनी खाल्लं, मासे पक्ष्यांनी. आपल्या टिबुकलीच्या जातीतले हे पक्षी मरू लागले, तेव्हा त्यांच्या चरबीत दर दहा लाख भागांत सोळाशे भाग औषध निघालं. पाणी तपासलं असतं तर स्वच्छच म्हणाले असते.

१९६२ मध्ये पुस्तक आलं आणि रसायन कंपन्या तुटून पडल्या. बाईंच्या पुस्तकाच्या शेवटी पन्नासहून अधिक पानं नुसत्या संदर्भांची. स्तनाचा कर्करोग झालेला, पण लोकांपासून लपवलेला. हिचं दुखणंच बोलतंय, असं म्हणायची संधी विरोधकांना द्यायची नव्हती. टीव्हीवर आल्या त्या केसांचा टोप घालून. सिनेटसमोर साक्ष दिली आणि १४ एप्रिल १९६४ रोजी, छप्पन्नाव्या वर्षी, गेल्या. अमेरिकेत शेतीतल्या डीडीटीवर बंदी आली १९७२ मध्ये.

आता एक सांगायलाच हवं. ह्या बाईमुळे डीडीटी बंद झालं आणि मलेरियाने लोक मेले, असं इंटरनेटवर वाचायला मिळतं. अहो, औषध वापरूच नका असं त्या म्हणाल्याच नव्हत्या. वारेमाप माराल तर डास निगरगट्ट होतील, हे मात्र बजावलं होतं. आणि रोगाच्या डासांसाठी डीडीटी पुढेही चालूच राहिलं. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या रसायनीत ते बनत होतं.

आमच्या गावी फवारणीवाले यायचे. भिंतीवर पांढरा पट्टा उमटायचा, दारावर गेरूने तारीख लिहून ते पुढच्या घरी जायचे. आजी दुधाचं पातेलं परातीने झाकायची आणि आम्ही त्या वासामागे पळायचो. डास कमी व्हायचे, हेही खरंच. पण पिंपात काय आहे, हे आजीला कोणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. २०१७ मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. ती बातमी वाचली त्या रात्री मी हे पुस्तक पहिल्यांदा उघडलं. पुलाखालून इतकी वर्षं गेल्यावर!

स्प्रिंगडेलचं ते घर अजून जपलेलं आहे. एखाद्या रविवारी जाऊ या. गाडी मी काढते, डबे तुम्ही आणा.