वैद्यकीय शब्द शेवटाकडून वाचावा

डिस्चार्ज कार्डावरचा लांबलचक शब्द आपण पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतो आणि मध्येच सोडून देतो. हे शब्द उलटे वाचायचे असतात. आधी शेवट, मग सुरुवात, सर्वात शेवटी मधला भाग. 'हायपोकॅलेमिया' घ्या. शेवटी 'एमिया', म्हणजे रक्तात. सुरुवातीला 'हायपो', म्हणजे कमी. उरलं मधलं 'कॅल'. ते पोटॅशियमच्या 'कॅलियम' या लॅटिन नावातलं, आणि त्याच्याही मागे राखेतल्या क्षारासाठीचा अरबी शब्द आहे. अर्थ झाला, रक्तात पोटॅशियम कमी. प्रौढ माणसात ते लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट असतं.

आता 'हायपो' काढून 'हायपर', म्हणजे जास्त, लावा. दोन्हींत हृदयाचे ठोके बिघडू शकतात, पण उपचार अगदी विरुद्ध. एकात पोटॅशियम द्यायचं, दुसऱ्यात ते उतरवायचं. फोनवर रिपोर्ट सांगताना 'पो' आणि 'पर' यांत गफलत व्हायला वेळ लागत नाही. म्हणून नुसता शब्द सांगू नये. 'पोटॅशियम दोन पूर्णांक आठ' असा आकडा सांगावा आणि ऐकणाऱ्याकडून तो परत म्हणवून घ्यावा.

शस्त्रक्रियेच्या नावांत तर सगळा जीव शेवटात असतो. 'टोमे' म्हणजे काप, 'एक' म्हणजे बाहेर, 'स्टोमा' म्हणजे तोंड. तिन्ही शब्द ग्रीक. मोठ्या आतड्याच्या बाबतीत बघा. कोलोटॉमीत आतडं चिरून आतलं काम उरकतात आणि शिवून टाकतात. कोलेक्टॉमीत आतड्याचा तुकडा किंवा सगळं मोठं आतडंच काढतात. कोलोस्टॉमीत आतड्याचं तोंड पोटाच्या कातडीवर आणून उघडतात आणि वर पिशवी लावतात. कानाला तिन्ही जवळपास सारखेच. घरी आल्यावर पेशंटचा दिवस कसा जाणार, हे मात्र कोणता शेवट लागला त्यावर ठरतं. संमतिपत्रावर सही करण्याआधी एवढं विचारावं: काय कापणार, काय काढणार, बाहेर तोंड ठेवणार का, आणि ठेवलं तर कायमचं की काही महिन्यांपुरतं?

'आयटिस' म्हणजे दाह, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मुळात मात्र या प्रत्ययाचा दाहाशी संबंध नव्हता. 'आर्थ्रायटिस' हे ग्रीकमधलं विशेषण, अर्थ 'सांध्यांचा'. पुढे 'रोग' हा शब्द अध्याहृत. दाहाचा अर्थ त्याला नंतर चिकटला. 'ओमा' म्हणजे गाठ असं सांगतात, पण त्यावर तर डोळे झाकून विश्वास ठेवूच नये. लायपोमा ही चरबीची, सहसा निरुपद्रवी गाठ. मेलॅनोमा हा कर्करोग. हिमॅटोमा म्हणजे नुसतं साकळलेलं रक्त. ग्लॉकोमात तर गाठच नसते.

ग्लॉकोमाला आपण काचबिंदू म्हणतो, आणि मराठी माणसाचा घोटाळा इथेच होतो. मोतीबिंदू आणि काचबिंदू, दोघांच्याही नावात 'बिंदू', त्यामुळे दोन्ही एकाच घरचे वाटतात. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून कृत्रिम भिंग बसवलं की सहसा पुन्हा दिसू लागतं, त्यामुळे थोडं थांबलं तरी बहुधा चालतं. काचबिंदूत दृष्टीची नर्व्ह झिजते, बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे. हा दाब सर्वसाधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. मात्र त्या मर्यादेत असूनही काहींची नर्व्ह झिजते. गेलेली नजर परत येत नाही. थेंब, लेझर किंवा शस्त्रक्रिया करून उरलेली राखायची असते. 'पिकू दे, मग बघू' हा मोतीबिंदूचा जुना सल्ला काचबिंदूला लावला, तर डोळाच जातो.

'नस' हा आपला दुसरा सापळा. सलाईन लावतात ती नस, कमरेत दबते ती नस, रात्री पोटरीत चढते तीही नसच. पहिली शीर, दुसरी नर्व्ह, आणि तिसरा चक्क स्नायूचा पेटका. यात लाजण्यासारखं काही नाही, कारण ग्रीकांचंही असंच होतं. त्यांचा 'न्यूरॉन' मुळात स्नायुबंध, धनुष्याची दोरी. नर्व्ह हा अर्थ त्याला पुढे मिळाला. जुना अर्थ 'अ‍ॅपोन्यूरोसिस' या शब्दात अजून शिल्लक आहे: तो स्नायूचा चपटा, पांढरा बंध असतो, नर्व्ह नव्हे. तेव्हा डॉक्टरांना 'नस दुखते' एवढंच सांगू नये. दुखणं कुठून कुठे जातं, मुंग्या येतात का, बोट बधिर आहे का, सूज आहे का, हे सांगावं.

'आर्टरी' या नावात एक चूक गोठलेली आहे. मृत शरीरात धमन्या बहुतेक रिकाम्या सापडतात, म्हणून त्यांतून हवा वाहते असा समज होता. दुसऱ्या शतकात गेलेन या ग्रीक वैद्यानं जिवंत प्राण्याची धमनी दोन ठिकाणी बांधली, मधला भाग कापला, आणि आत रक्तच निघालं. नाव मात्र तसंच राहिलं. श्वासनलिकेला 'ट्रॅकिया' म्हणतात, तोही 'खरखरीत आर्टरी' या ग्रीक जोडनावाचा उरलेला अर्धा भाग. आपली 'धमनी'सुद्धा फुंकणे या अर्थाच्या 'ध्मा' धातूचीच. मलेरियाचंही तेच. इटालियनमध्ये तो शब्द म्हणजे 'वाईट हवा', आणि डासाचा हात तर रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादला दिसला. त्या मानानं 'हिवताप' हे नाव मला जास्त प्रामाणिक वाटतं. ते कारण सांगायला जात नाही, फक्त लक्षण सांगतं.

आता चिठ्ठीवरची अक्षरं. बीडी म्हणजे लॅटिन 'बिस इन डिए', दिवसातून दोनदा. टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना. गोळीपुढे ओडी असेल तर दिवसातून एकदा. डोळ्याच्या कागदावर तेच ओडी 'ऑक्युलस डेक्स्टर' होतं, म्हणजे उजवा डोळा. एसओएस हे 'सी ओपुस सित', गरज पडली तर. त्यापुढे दोन गोळ्यांत किती तासांचं अंतर आणि दिवसाला जास्तीत जास्त किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

सगळ्यात घातक आहे इन्सुलिनच्या आकड्यापुढचा एकाक्षरी 'यू'. घाईत लिहिला की तो शून्यासारखा दिसतो आणि १०चे १०० होतात. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या संस्थेनं २००४ मध्ये वापरू नये अशा संक्षेपांची यादी काढली, त्यात हा 'यू' आहे. तिथे 'युनिट' असं पूर्ण लिहायचं. भारतात आणखी एक अडचण आहे. बाटलीतलं इन्सुलिन मिलिलिटरला ४० युनिटचंही मिळतं आणि १०० युनिटचंही. ४०च्या सिरिंजला सहसा लाल टोपण असतं, १००च्या सिरिंजला नारिंगी. १००चं इन्सुलिन ४०च्या सिरिंजमध्ये १०च्या खुणेपर्यंत भरलं, तर पाव मिलिलिटर भरतं, म्हणजे १० ऐवजी २५ युनिट शरीरात जातात आणि साखर धोकादायक उतरू शकते. उलट केलं तर जेमतेम ४ युनिट जातात आणि साखर चढलेलीच राहते. औषधाच्या दुकानातून निघताना बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे काउंटरवरच ताडून घ्यावं.