नौकानयन येतं का तुमच्या मुलीला?

पत्रिकेत विषय छापलाय 'अमेरिकी विद्यापीठांतल्या आर्थिक मदतीचे अर्ज'. त्याकडे येणारच आहे. पण वाटेत एक होडी आडवी येते, ती आधी ओलांडू द्या. संयोजकांनी घड्याळ अगदी माझ्या नाकासमोर ठेवलंय, त्याचा अर्थ मला कळतो.

आयव्ही लीग म्हणजे अमेरिकेतली आठ नामांकित खासगी विद्यापीठं, एसएटी म्हणजे तिथली प्रवेशासाठीची परीक्षा, हे इथे कुणाला नवं नाही, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ साली एक अभ्यास मांडला. आयव्ही लीगची आठ, शिवाय स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक आणि शिकागो, अशी बारा विद्यापीठं त्यांनी तपासली. परीक्षेत सारखेच गुण मिळवलेली दोन मुलं घ्या, एक मध्यमवर्गीय घरातलं आणि एक सर्वांत श्रीमंत १ टक्क्यातलं. श्रीमंत घरातलं मूल या बारांपैकी एखाद्या ठिकाणी दाखल होण्याची शक्यता दुपटीहून जास्त निघाली. गुण सारखेच, हं. तेव्हा 'त्यांच्या क्लासची फी जास्त' हे उत्तर इथे पुरत नाही. या तफावतीचा सुमारे दोन तृतीयांश भाग प्रवेश कचेरीच्या टेबलावरच तयार होतो.

टेबलावरच्या त्या भागाचे तीन वाटे पडतात. जवळजवळ निम्मा वाटा लेगसीचा, म्हणजे आईबाप त्याच विद्यापीठात शिकले म्हणून मिळणारं झुकतं माप. आपल्याकडे 'बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर' म्हणतात. तिथे बाप दाखवला की फाइल वर सरकते. एमआयटी हे बघत नाही, जॉन्स हॉपकिन्सनं २०१४ पासून बंद केलं. कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये खासगी विद्यापीठांनाही बंदी घातली, तर स्टॅनफर्डनं राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पैशावर पाणी सोडलं, लेगसी नाही सोडली. दुसरा वाटा, तीसेक टक्के, अभ्यासाबाहेरच्या गुणांकनाचा: शिफारसपत्रं, उपक्रम, व्यक्तिमत्त्व. अमेरिकेतल्या सरकारी शाळांमध्ये एका समुपदेशकामागे सरासरी साडेतीनशेहून जास्त मुलं असतात. महागड्या खासगी शाळेतला समुपदेशक मूठभर मुलांची पत्रं निवांत घडवत बसतो. आणि उरलेला पाव वाटा खेळाडूंच्या भरतीचा. आली होडी!

लेगसीवर सगळे ओरडतात, खेळाला मात्र कुणी हात लावत नाही. कारण खेळात घाम असतो, आणि घाम दिसला की आपण लगेच गुणवत्ता म्हणून मोकळे होतो. पण खेळ कुठले ते बघा. बास्केटबॉल, फुटबॉल आहेतच. शिवाय नौकानयन, शिडाच्या होड्या, तलवारबाजी, स्क्वॉश, वॉटर पोलो. एकट्या हार्वर्डचे ४२ संघ आहेत. आठ वल्हेकऱ्यांची शर्यतीची नवी बोट हजारो डॉलरना पडते, तिला नदी किंवा तलाव लागतो, काठावर बोटघर लागतं, पहाटे मुलांना तिथे पोहोचवायला मोकळा पालक लागतो. हे ज्या शाळेत आहे त्या शाळेत गरीब मूल असलंच तर अपवादानं. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरच्या खटल्यात बाहेर आलेले आकडे असे: अर्जदारांत भरतीचे खेळाडू एक टक्काही नाहीत, निवडलेल्यांत मात्र दहा टक्के. अर्ज करणाऱ्या अशा खेळाडूंतल्या सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश. इतरांचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

रीत कशी चालते? मूल वल्हं मारण्याच्या यंत्रावर २००० मीटरची वेळ नोंदवतं, ती प्रशिक्षकाकडे जाते. अकरावी संपली की उन्हाळ्यात प्रशिक्षक गुणपत्रक प्रवेश कचेरीला आधीच वाचायला देतो. कचेरी होकाराची मान हलवते. प्रशिक्षकाकडे मोजक्या जागा असतात, त्यातली एक तो या नावावर खर्च करतो. ऑक्टोबरपासून 'प्रवेश जवळपास नक्की' असं पत्र हातात पडू शकतं. बाकीची मुलं तेव्हा निबंधाचा तिसरा खर्डा फाडत असतात. यात लाच कुठेच नाही, सगळं नियमानं. आयव्ही लीग खेळासाठी शिष्यवृत्तीही देत नाही. खेळाडू येतो तो जागेसाठी.

रिक सिंगर नावाच्या प्रवेश-सल्लागाराला हेच दार सापडलं. मार्च २०१९ मध्ये उघडकीला आलेलं ते प्रवेश-घोटाळ्याचं प्रकरण. तो पालकांना सांगायचा: पुढचं दार म्हणजे स्वतःच्या बळावर, मागचं दार म्हणजे विद्यापीठाला प्रचंड देणगी देऊनही हमी नाही, आणि माझं बाजूचं दार, स्वस्त आणि खात्रीचं. पैसे जायचे त्याच्या धर्मादाय संस्थेला. म्हणजे पालकांना वर करसवलतही! प्रशिक्षकाला त्याचा वाटा मिळे आणि मूल कागदावर खेळाडू होई. एका पालकानं वॉटर पोलोचं साहित्य ऑनलाइन मागवलं, घरच्या तलावात मुलाचा फोटो काढला आणि ग्राफिक डिझायनरकडून तो नीट करून घेतला. एका मुलीला दाखवलं कॉक्स म्हणून. कॉक्स म्हणजे बोटीत बसून सुकाणू धरणारा आणि आरोळ्या ठोकणारा. तो वल्हं मारतच नाही. आणि पुरावा म्हणून फोटो कसला? वल्हं मारण्याच्या यंत्रावरचा! (हसताय, पण प्रवेश मिळाला.) परीक्षेचीही सोय होती: अध्ययन-अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळवून जास्तीचा वेळ मागायचा, केंद्र बदलून घ्यायचं, तिथे पैसे खाल्लेल्या पर्यवेक्षकाच्या मेहेरबानीनं उत्तरं दुरुस्त व्हायची. हे सगळं विद्यापीठांनी पकडलं असं समजू नका. शेअरबाजारातल्या फसवणुकीत अडकलेल्या एका माणसानं आपली सुटका सोपी व्हावी म्हणून येलच्या सॉकर प्रशिक्षकाचं नाव तपासयंत्रणेला सांगितलं, तेव्हा धागा लागला. सिंगरला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. खेळाडू भरती अजून चालूच आहे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, अर्ज.

पटापट सांगतो, लिहून घ्या. 'नीड-ब्लाइंड' म्हणजे निवड करताना तुमची ऐपत बघत नाहीत. पण परदेशी अर्जदारांना हे लागू करणारी विद्यापीठं थोडी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, अ‍ॅमहर्स्ट वगैरे. इतर ठिकाणी मदत मागितली की पारडं थोडं हलकं होतं. म्हणून काही जण मदतीचा रकाना कोराच ठेवतात आणि वर्षभरानं मागू म्हणतात. तसं करू नका. बहुतेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याला पहिल्या अर्जात न मागितलेली मदत नंतर मिळत नाही.

अर्ली डिसिजन: नोव्हेंबरात अर्ज, डिसेंबरात उत्तर, होकार आला की बाकी अर्ज मागे. मदत फारच अपुरी असेल तर सुटता येतं, पण दोन विद्यापीठांचे देकार शेजारी ठेवून बघता येत नाहीत. ज्याला आकडा बघायचाच नसतो त्याच्यासाठी ही सोय.

सीएसएस प्रोफाइल म्हणजे आर्थिक मदतीसाठी भरायचा फॉर्म, त्यात राहत्या घराची किंमतही विचारतात. ती अंदाजानं फुगवू नका, घरावरचं कर्ज न विसरता लिहा. हार्वर्ड आता एक लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांकडून काहीच घेत नाही, दोन लाखांपर्यंत शिकवणी फी माफ. तेव्हा छापील फी बघून अर्जच न करणं ही सर्वांत महागडी चूक.

शेवटचं. एसएटी ऐच्छिक असेल तिथे 'आपला स्कोअर कमी' म्हणून लपवू नका. डार्टमथनं स्वतःचे अर्ज तपासले तेव्हा दिसलं की गरीब घरांतली मुलं १६०० पैकी १४०० च्या आसपासचा स्कोअर झाकून ठेवत होती. कचेरी तो त्यांच्या शाळेच्या मानानं वाचणार होती आणि त्याचा त्यांना फायदाच झाला असता. मग २०२४ मध्ये डार्टमथनं परीक्षा पुन्हा सक्तीची केली.

प्रश्नांना पाच मिनिटं आहेत म्हणतात. अर्जांबद्दलचे आधी विचारा. होडीबद्दल विचारलंत तर पाचात भागणार नाही.