गोबरगॅस बांधायचा, पण कुठं?

नमस्कार शेतकरी मित्रांनो आणि ताईंनो, ताईंनो तर खास, कारण शेण काढतं कोण ते मला माहितीये.

मागं पाटण तालुक्यात एका घरी गेलो होतो. दोन घनमीटरचा दीनबंधू प्लांट, म्हणजे जमिनीत विटांचा घुमट बांधतात तो गोबरगॅस, बांधायचा होता, म्हणजे रोजचं पन्नास किलो शेण, चार-पाच जनावरं पाहिजेत, ती होती. दादांनी जागा पक्की केलेली, अंगणात रस्त्याच्या कडेला, आंब्याखाली, का तर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसला पाहिजे! गवंड्यानं फक्की मारून गोलसुद्धा काढला. तर वहिनी गोठ्यातनं बाहेर आल्या, गोल बघितला, एक शब्द बोलल्या नाहीत, शेणानं भरलेलं घमेलं आणलं आणि इस्त्रीचे कपडे घातलेल्या दादांच्या हातात दिलं, "एवढं तिकडं टाकून या." गोठा घराच्या मागं, तो गोल पुढं! दादा निघाले, बोळातनं वळसा घालून ओसरीपाशी पोचले तोवर बाहीवरनं शेण गळायला लागलेलं. परत आले तर दुसरं घमेलं तयार, आणि वर, "जेवढं शेण तेवढंच पाणी लागतं ना हो? त्या दोन बादल्या पण न्या." गवंडी तोंड फिरवून हसतोय, दादा लालबुंद, आणि मग स्वतःच पायानं फक्की पुसली बघा!

मग वहिनींनीच जागा दाखवली. गोठ्याला लागून, जिथं त्या गोवऱ्या थापायच्या. दिवसभर ऊन, पावसाळ्यात पाणी साचत नाही आणि चूल भिंतीपलीकडं. अजून काय पाहिजे?

तर लक्षात ठेवा, गोठा जवळ, ऊन भरपूर. परत सांगतो, गोठा जवळ, ऊन भरपूर. थंडीत गार पडला की गॅस कमी येतो, म्हणून सावली नको, आणि झाड तर जवळ नकोच, मुळं बांधकामात शिरतात, घुमटाला तडा गेला की गॅस गळतो. विहीर, बोअर निदान पंधरा मीटर लांब. खोलगट जागा नको, जमिनीतलं पाणी वर येतं तिथंही नको, रिकामी टाकी खालनं उचलली जाते. स्लरीच्या, म्हणजे गॅस निघाल्यावर बाहेर येणाऱ्या पातळ शेणाच्या, खड्ड्याला जागा सोडा, तोंड शेताकडं ठेवा, नाहीतर ती पण वहिनींनीच वाहायची का?

पाईपबद्दल सांगायचं राहिलंच, किस्सा लांबला. एवढंच ऐका, पाईप लांब असला की गॅसचा दाब कमी पडतो आणि आत पाणी धरतं, ज्योत फडफडायला लागते, म्हणून पाईपला उतार द्या आणि सखल टोकाला पाणी काढायचा कॉक बसवा. खड्ड्याची मापं पुढच्या भागात. नमस्कार.