डबीवरचं लेबल

(दृश्य: सांगलीचं एसटी स्टँड, सकाळ. बाईंची पाठ दिसते, चेहरा नाही.)

या बाई सांगली जिल्ह्यातल्या नाहीत. त्यांच्या तालुक्याजवळही एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीचं औषध देणारं सरकारी केंद्र, आहे. तरी दोन एसट्या बदलून त्या इथं येतात. तिथल्या रांगेत गावातलं कुणी ना कुणी भेटतंच, आणि ती रांग कशाची आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

औषधाला पैसे पडत नाहीत. १ एप्रिल २००४ पासून सरकार ते मोफत देतं. सुरुवातीला गोळ्या दिवसातून दोनदा घ्याव्या लागत. आता बहुतेकांना रोज एकच गोळी असते: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर, तिन्ही एकात.

(दृश्य: डबी, जवळून. लेबल अर्धं खरवडलेलं.)

डबी हलवली की खुळखुळते. म्हणून कुणी आत कापूस कोंबतं, कुणी लेबल खरवडतं, कुणी गोळ्या पुडीत बांधून धान्याच्या डब्यात ठेवतं. पुडीत त्यांना दमट हवा लागते, हे वेगळंच. घरात लग्न निघालं, पाहुणे उतरले, की गोळी राहते. आठवण असते हो! पण पाण्याचा पेला घेऊन वळायला कोपराच सापडत नाही.

पुढच्या खेपेला समुपदेशक उरलेल्या गोळ्या मोजतात. शंभरातल्या निदान पंचाण्णव पोटात गेलेल्या हव्यात. महिन्यात एखादी चुकली तर निभावतं. वारंवार खंड पडला की रक्तातलं औषध कमी होतं, विषाणू पुन्हा वाढतो आणि त्याच गोळीला दाद देईनासा होतो.

आणि काही वेळा रोज गोळी घेऊनही घात होतो. गावच्या दवाखान्यात अशक्तपणासाठी लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. उपाशीपोटी त्या डोल्युटेग्रॅव्हिरबरोबर घेतल्या, तर औषध अंगात नीट शोषलं जात नाही. एक तर दोन्ही जेवणासोबत घ्यायच्या, नाहीतर एचआयव्हीची गोळी दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर. टीबीचं रिफॅम्पिसिन सुरू झालं, तर डोल्युटेग्रॅव्हिरचा आणखी एक डोस वाढवावा लागतो. समोरच्या डॉक्टरला एचआयव्हीचं माहीतच नसेल, तर हे त्यानं सांगायचं कसं?

सांगितलं आणि त्यानं हाकललं तर? ही भीती काही हवेतली नाही. म्हणूनच २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, कामावरून काढता येत नाही.

नवराबायकोत सांगणं सगळ्यात अवघड. तिथं एक गोष्ट हाताशी असावी: औषध नियमित घेऊन विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही.

(दृश्य: बाईंचे हात, मांडीवर मोबाईल.)

बाईंचे यजमान वारले आहेत. बाईंनी फक्त धाकट्या बहिणीला सांगितलं. रात्री नऊला तिचा मिस्ड कॉल येतो. गोळी घेतली की बाई उलट मिस्ड कॉल देतात. आला नाही, तर बहीण फोन करून भाजीचा भाव विचारते. सासूबाई शेजारीच बसलेल्या असतात ना!

सासरी त्यांनी सांगितलेलं नाही, आणि कायद्यानं तशी जबरदस्ती कुणाला करता येत नाही. राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा क्रमांक आहे १०९७. फोन फुकट लागतो, नाव न सांगताही बोलता येतं.