सातवं पुट

[पडद्यावर: गोव्यातल्या सावईवेऱ्यातलं कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग. सकाळचं ऊन.]

ही भिरंडं काल संध्याकाळी उतरवली. आम्ही घरात मराठीच बोलतो, पण या फळाला कोकम कोणी म्हणत नाही. धुवायची, अर्धी करायची, गर आणि बिया वेगळ्या काढायच्या. गराला मीठ लावलं की रस सुटतो, ते आगळ. साली त्या रसात बुडवायच्या, उन्हात पसरायच्या, परत बुडवायच्या. पाच ते सात पुटं बसली की साल काळी, चिवट होते. तेव्हा तिचं सोल झालं. कडक ऊन मिळालं तरी आठवडा जातो.

[पडद्यावर: फायलींचं कपाट.]

नऊ वर्षं मी खाद्यपदार्थांच्या कारखान्यांना सल्ला देत होते, कंत्राटावर. परवान्याच्या फायली, ऑडिटची तयारी, कामगारांचं प्रशिक्षण. दिवसाचा दर ठरलेला. बिलातून १० टक्के टीडीएस कापून बाकीचे पैसे खात्यात. काम मला मनापासून आवडायचं. शीतगृहाच्या दाराला टांगलेली तापमानाची नोंदवही उघडली, की कारखाना कसा चालतो ते कळायचं. महिन्याभराचे आकडे एकाच पेनाने, एकाच लयीत लिहिलेले दिसले, की समजायचं, हे सगळे एका बैठकीत भरलेत.

सोलांचं काम तेव्हाही होतं, शनिवार-रविवारी. चूक तिथेच होती. भिरंड पिकतं एप्रिल-मेमध्ये. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो, आणि गोव्यातली घरं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीचा साठा, भरतात ती त्याच्या आधी. वर्षाचा धंदा सहा-सात आठवड्यांचा. माझ्या कारखान्यांची ऑडिटंही नेमकी त्याच दिवसांत.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका कारखान्यात तीन दिवस अडकले. दुसऱ्या दुपारी शेजारच्या मामींचा फोन. "बाय, पावसाने धरलंय गो. सोलं कोण काढणार?" सोलं गच्चीवर, आणि मामींच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही. घरी पोचले तेव्हा प्रत्येक ताटात पांढरी बुरशी होती. ऐंशी किलो माल खड्ड्यात पुरला. कुळागरवाल्या काकांनी पैसे न घेता, विश्वासावर दिलेली भिरंडं होती ती. त्या रात्री मी खूप रडले.

छोट्या उद्योगांसाठी असते ती सरकारी 'उद्यम' नोंदणी माझ्याकडे होती. छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे. त्या तीन दिवसांच्या बिलाचे पैसे मिळायला पाचवा महिना उजाडला. तक्रार केली की पुढचं काम जातं, म्हणून माझ्यासारखे कितीतरी जण गप्प बसतात. हे बदलायला हवं.

वर्षभराचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत थांबले. मग जानेवारीत सगळ्यांना महिन्याची नोटीस दिली. "एखादं गिऱ्हाईक तरी ठेव," असं घरच्यांसकट सगळे सांगत होते. दुसऱ्या धंद्यात ते बरोबर असेल. माझं ते एक गिऱ्हाईक मला मेमध्येच बोलावणार होतं.

पूर्वी वेळ नसायचा म्हणून बिया पोत्याने विकून टाकायचे. आता पावसाळ्यात त्या कुटून पाण्यात उकळते. वर तरंगतं ते भिरंडेल, थंड झालं की मेणासारखं घट्ट. पायांच्या भेगांना आजी हेच लावायची. तो वास तेव्हापासून ओळखीचा आहे.

[पडद्यावर: गच्ची. ताटं.]

आज सकाळी जुन्या कारखान्यातून फोन आला. "मॅडम, दोनच दिवस या. दर वाढवून देतो." आकडा ऐकून थांबले क्षणभर. मग हेच काम करणाऱ्या मैत्रिणीचा नंबर दिला.

समुद्राकडून ढग येतायत. मामी अंगणातून हाक मारतायत. "आले गो मामी!" या ताटातल्या सोलांना सहा पुटं बसलीत. एक राहिलंय.